पेशीचे दार आणि विषाणूची प्रथिने

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात कोंबड्यांवर मोठी मरी आली. मृत पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले आणि हा विकार एच५एन१ या इन्फ्लुएन्झा विषाणूचा असल्याचा निर्वाळा मिळाला. भारतातील ती या विषाणूची पहिलीच नोंद होय. रोग पसरू नये म्हणून त्या परिसरातील लक्षावधी कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि कुक्कुटपालनावर पोट असलेल्या कुटुंबांचा धंदा पार बसला. त्या दिवसांत आजारी पक्षी उचलणाऱ्या, खुराडी साफ करणाऱ्या व मेलेले पक्षी पुरणाऱ्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासण्यात आले. त्यांपैकी एकालाही लागण झाल्याचे आढळले नाही.

ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या विषाणूने कोंबडीच्या शरीरात मेंदूपासून आतड्यापर्यंत एकही अवयव सोडला नाही, त्याच विषाणूने त्याच खुराड्यात दिवसभर वावरणाऱ्या माणसाच्या नाकातून रिकाम्या हाताने परत फिरावे, याचा उलगडा कसा करावयाचा? माणसे बलवान व कोंबड्या दुबळ्या, हे काही त्याचे उत्तर नव्हे. उत्तर दडलेले आहे ते विषाणूच्या पृष्ठभागावर उभ्या असलेल्या एका प्रथिनात. त्याची ओळख करून घेतली म्हणजे नवापूरची कोंबडी, दोडामार्गचा काजू बागायतदार आणि २०२१ साली अमरावतीच्या रुग्णालयात दाखल झालेला रोगी हे तिघे एकाच शास्त्रीय कथेतील पात्रे आहेत असे दिसून येईल.

विषाणू पेशीबाहेर असताना काहीच करीत नाही. तो खात नाही, वाढत नाही, हालचालही करीत नाही. न्यूक्लिक आम्लाची एक गुंडाळी, तिच्याभोवती प्रथिनांचे कवच आणि पुष्कळ जातींत त्यावर मेदाचे पातळ आवरण, एवढाच त्याचा संसार. इन्फ्लुएन्झाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग; म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे सातआठशे विषाणू ओळीने बसू शकतील. त्याचे मेदाचे आवरणही त्याच्या स्वतःच्या मालकीचे नसते. ज्या पेशीत तो जन्मला तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. चोराने निघताना घरधन्याचीच शाल अंगावर घ्यावी तसा हा प्रकार. मात्र त्या शालीवर त्याने आपली स्वतःची काही प्रथिने टाचलेली असतात. पुढील पेशीत शिरण्याचे सर्व काम ही प्रथिने करतात.

या प्रथिनांचा पहिला मागोवा १९४१ साली लागला, आणि तोही काहीसा अवचितपणे. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत जॉर्ज हर्स्ट हे संशोधक अंड्यातील गर्भात इन्फ्लुएन्झाचे विषाणू वाढवीत असत. अंड्यातील द्रव काढून घेत असता गर्भाची एखादी रक्तवाहिनी फाटून त्यात रक्त मिसळे. विषाणूयुक्त द्रवात मिसळलेल्या या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, निरोगी अंड्यातील द्रवात होत नाहीत, ही बाब हर्स्ट यांच्या नजरेने टिपली. त्याच वर्षी टोरांटो येथील मॅक्क्लेलंड व हेअर यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले. विषाणू रक्तपेशींना चिकटतो व दोन पेशींमध्ये दुवा होऊन त्यांना जोडतो, असा त्याचा अर्थ होता. ज्या प्रथिनामुळे हे चिकटणे घडते त्यास पुढे हिमाग्लुटिनिन, म्हणजे रक्तपेशींचे पुंजके करणारे, असे नाव पडले. एच५एन१ या नावातील ‘एच’ हे अक्षर त्याचेच होय.

विषाणू चिकटतो खरा, पण कशाला? या प्रश्नाचे उत्तर मेलबर्न येथील मॅक्फार्लेन बर्नेट यांनी कॉलऱ्याच्या जंतूंच्या साहाय्याने मिळविले. कॉलऱ्याचे जंतू वाढविलेल्या द्रवातून जंतू गाळून काढले आणि उरलेल्या निवळीत रक्तपेशी बुडवून ठेवल्या, तर त्या पेशींना इन्फ्लुएन्झाचा विषाणू चिकटेनासा होतो, असे १९४६-४७ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले. निवळीतील कोणते तरी विकर पेशीच्या पृष्ठावरून काहीतरी कापून टाकीत होते, आणि ते ‘काहीतरी’ हाच विषाणूचा आधार होता. त्याच संस्थेतील आल्फ्रेड गॉटशाल्क यांच्या पुढील कामातून तो आधार म्हणजे सायालिक आम्ल नावाची एक शर्करा असल्याचे स्पष्ट झाले. पेशीवरील अशा आधारस्थानास आज आपण ग्राहक म्हणतो. हा ग्राहक पेशीने विषाणूसाठी मुद्दाम ठेवलेला नसतो, हे येथे नीट लक्षात घ्यावयास हवे. पेशीच्या नित्याच्या व्यवहारासाठी जे रेणू तिच्या अंगावर असतात त्यांपैकीच एखाद्याचा विषाणू गैरफायदा घेतो.

आता नवापूरकडे वळू. सायालिक आम्ल आपल्या शेजारच्या शर्करेशी दोन प्रकारे जोडलेले असू शकते. पक्ष्यांच्या आतड्यात व श्वसनमार्गात एका प्रकारची जोडणी विपुल असते. माणसाच्या नाकात, घशात आणि वरच्या श्वासमार्गात प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारची. पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाचे हिमाग्लुटिनिन पहिल्या प्रकारच्या जोडणीवर घट्ट बसते, दुसरीवर सैल. पक्ष्यांसारखी जोडणी माणसातही आहे, पण ती फुप्फुसांच्या अगदी तळाशी असलेल्या पेशींवर. तेथवर विषाणू मोठ्या प्रमाणात पोहोचला तर रोग भयंकर होतो. परंतु तेथून खोकल्याशिंकेवाटे दुसऱ्या माणसाकडे जाणे त्यास कठीण पडते. म्हणूनच एच५एन१ ची मानवी लागण विरळ, आणि झालीच तर वारंवार प्राणघातक, असे विचित्र चित्र जगभर दिसते. २०२१ साली हरियाणातील एका बालकाचा या रोगाने मृत्यू झाला. नागपूरच्या गोरेवाडा येथे २०२४ च्या डिसेंबरअखेरीस तीन वाघ व एक बिबट्या दगावले, तेही याच विषाणूने. सस्तन प्राण्यांत त्याची ये-जा वाढत आहे ही चिंतेची बाब होय. कारण हिमाग्लुटिनिनमधील मूठभर अमिनो आम्ले बदलली की त्याची पकड एका जोडणीवरून दुसरीवर सरकू शकते, हे प्रयोगशाळांत सिद्ध झालेले आहे.

येथपर्यंतच्या वर्णनास लोकप्रिय लेखनात कुलूप व किल्लीचा दृष्टांत हटकून दिला जातो. माझ्या मते हा दृष्टांत अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात तो दिशाभूल करतो. किल्ली कुलपात बसली की दार उघडते. येथे मात्र विषाणू ग्राहकावर नेमका बसला तरी दार बंदच असते. त्याचे मेदाचे आवरण आणि पेशीचे मेदाचे पटल या दोन भिंती अजून मध्ये उभ्याच आहेत. आमटीवर तरंगणारे तेलाचे दोन थेंब चमच्याने जवळ ढकलले की क्षणात एक होतात. पण पेशीचे पटल इतके भोळे नसते. त्याच्या दोन्ही पृष्ठांवर पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवलेले असतात, आणि दोन पटले एकमेकांजवळ येताच ते पाणी त्यांना दूर लोटते. ते बाजूस सारून दोन पटले एकमेकांत मिसळण्यास बळ लागते. विषाणूजवळ तर स्वतःचे इंधन नाही. मग हे बळ येते कोठून?

ते त्या प्रथिनातच साठवून ठेवलेले असते. हिमाग्लुटिनिनची त्रिमितीय रचना १९८१ साली इयन विल्सन, जॉन स्केहेल व डॉन वायली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. तीन सारख्या घटकांची मिळून बनलेली, विषाणूच्या अंगावर सुळक्यासारखी उभी असलेली ही रचना. वरच्या टोकाला ग्राहक पकडणारा खोलगट भाग, आणि खाली दांड्यात एक लहानसा, पाण्यापासून दूर पळणारा तुकडा आत दुमडून लपविलेला. (प्रथिनांच्या अशा प्रत्येक आराखड्याची छाननी आजही मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखावर ताडून केली जाते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.) ग्राहकावर बसलेला विषाणू पेशी आपण होऊनच आत ओढून घेते. तिच्या पटलाची एक लहान पिशवी बनते व विषाणू त्या पिशवीत सापडतो. ही पिशवी आत सरकत असता पेशी तीमधील द्रव आम्ल करीत जाते. बाहेरून आलेले अन्न पचविण्याची तिची ती नेहमीचीच रीत आहे. या आम्लतेचा स्पर्श होताच हिमाग्लुटिनिनचे रूप पालटते. उंदराच्या सापळ्याचा ताणून अडकविलेला चाप सुटावा तसा दांड्याचा गुंडाळलेला भाग झटकन सरळ होतो, लपविलेला तुकडा वर फेकला जाऊन पिशवीच्या पटलात रुततो, आणि पुढच्याच क्षणी सबंध दांडा मिटणाऱ्या चाकूसारखा दुमडून दोन्ही पटले एकमेकांवर ओढून आणतो. पटले मिसळतात, छिद्र पडते, आणि विषाणूचा वारसा पेशीच्या अंतर्भागात उतरतो. ज्या आम्लाने पेशी परकी वस्तू पचवावयाची तेच आम्ल विषाणूने इशारा म्हणून वापरावे, यात निसर्गाचा एक क्रूर विनोद आहे.

चाप एकदाच सुटू शकतो. तो भलत्या वेळी सुटला तर विषाणू कायमचा निकामी होतो. म्हणून या प्रथिनास एक खुंटीही असते. पेशीत ते प्रथम अखंड तयार होते, आणि अखंड असेतोवर चाप सुटू शकत नाही. कोणत्या तरी विकराने त्याची साखळी एका नेमक्या ठिकाणी कापली म्हणजेच ते सज्ज होते. हे कापणारे विकर विषाणूचे नसते; तेही यजमानाचेच. सामान्य पक्षी-इन्फ्लुएन्झात त्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल एकटेच असते, आणि ते कापू शकणारी विकरे श्वसनमार्गात व आतड्यातच आढळतात. साहजिकच रोग तेवढ्याच भागापुरता मर्यादित राहतो. नवापूरच्या कोंबड्यांना झालेल्या घातक प्रकारात मात्र त्या जागी आर्जिनिन व लायसिन यांची एक ओळच्या ओळ असते. ती ओळ फ्युरिन नावाचे विकर कापते, आणि फ्युरिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. जर्मनीतील मारबुर्ग येथील संशोधकांनी १९९२ साली हा संबंध दाखवून दिला. कोंबडीचा एकही अवयव का सुटत नाही, याचे उत्तर त्या चारपाच अमिनो आम्लांत आहे.

फ्युरिनची ही ओळख मनात ठेवूनच २०२० सालाकडे पाहिले पाहिजे. त्या वर्षी ३० जानेवारीस केरळात भारतातील कोरोनाचा पहिला रुग्ण निश्चित झाला. त्याच रुग्णाच्या नमुन्यातील विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले चित्र पुण्याच्या संस्थेने मार्च महिन्यात प्रसिद्ध केले. सुमारे ७५ नॅनोमीटरचा एक गोल कण, आणि त्याच्या कडेला दांड्यांवर उभे असलेले सूक्ष्म ठिपके. हे ठिपके म्हणजेच ज्याचे ‘स्पाइक’ हे नाव पुढे घरोघरी पोचले ते प्रथिन. यातही तीन घटक असतात, प्रत्येक घटक १,२७३ अमिनो आम्लांचा. वरचा भाग एसीई-२ या ग्राहकास पकडतो. रक्तदाबाच्या नियमनात भाग घेणारे हे विकर नाकातील, फुप्फुसांतील, आतड्यातील पेशींवर असते. २००३ साली सार्सच्या विषाणूचा ग्राहक म्हणून ते प्रथम ओळखले गेले. खालच्या भागात चाप. दोहोंच्या सांध्यावर, सार्सच्या विषाणूत नसलेली, फ्युरिनने कापावयाची जागा.

कोरोनाच्या बाबतीत चाप सोडविणारा इशारा आम्लाचाच असतो असे नाही. ग्राहकावर बसल्यानंतर आणखी एक छेद व्हावा लागतो. फुप्फुसांच्या पेशींवर टीएमपीआरएसएस-२ नावाचे विकर असते. ते हा छेद पेशीच्या दारातच करते, आणि विषाणू आम्लाच्या पिशवीची वाट न पाहता तेथूनच आत उतरतो. ज्या पेशीवर हे विकर नाही तेथे त्यास पिशवीतून जावे लागते, आणि मग आम्लयुक्त पिशवीतील दुसरे विकर ते काम करते. हा फरक पुस्तकी वाटेल. पण त्यापायी आपल्या देशात पुष्कळ गोळ्या व्यर्थ गिळल्या गेल्या. क्लोरोक्विन हे हिवतापावरील औषध पिशवीतील आम्लता कमी करते. २०२० च्या आरंभी प्रयोगशाळेत त्याने कोरोना विषाणूची वाढ थांबविल्याचे दिसले आणि आशा पालवल्या. मार्च २०२० मध्ये वैद्यकीय सेवकांनी त्याचे भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिबंधासाठी घ्यावे अशी शिफारसही झाली. परंतु तो प्रयोग आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींवर केलेला होता, आणि त्या पेशींवर टीएमपीआरएसएस-२ जवळजवळ नसते. तेथे विषाणूला पिशवीचाच मार्ग होता, म्हणून औषध लागू पडले. हेच औषध मानवी फुप्फुसाच्या पेशींवर वापरून पाहताच विषाणूवर काहीच परिणाम होत नाही असे त्याच वर्षी जुलैत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, जूनमध्ये, ब्रिटनमधील मोठ्या रुग्णचाचणीने औषधाचा उपयोग नसल्याचे सांगितले होते. भारतातील उपचारसूचीतून ते सप्टेंबर २०२१ मध्ये वगळण्यात आले. कोणत्या पेशीवर प्रयोग केला हा प्रश्न विचारण्यास किती उशीर झाला, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भात, विशेषतः अमरावती, अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत, रुग्णसंख्या एकाएकी चढू लागली. मार्चच्या २४ तारखेस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत एक ‘दुहेरी उत्परिवर्तन’ आढळत असल्याचे जाहीर केले. हा शब्द वृत्तपत्रांनी उचलला, आणि दोनच बदल झाले आहेत असा समज पसरला. वस्तुतः बी.१.६१७ असे नाव मिळालेल्या या वंशात बदल बरेच होते. त्यांतील दोन, स्थान ४५२ व ४८४ येथील, ग्राहक पकडणाऱ्या भागात असल्यामुळे लक्ष वेधून घेत होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी महाराष्ट्रातील नमुन्यांचा अभ्यास करून स्थान ६८१ वरील बदलही निदर्शनास आणला. माझ्या मते तोच सर्वांत अर्थपूर्ण आहे. तेथे प्रोलिनच्या जागी आर्जिनिन आलेले होते. ही जागा फ्युरिनच्या छेदाला अगदी लागून. नवापूरच्या कोंबड्यांत ज्या अमिनो आम्लाच्या गर्दीने घात केला तेच येथे एकाने वाढले, आणि छेद अधिक सहज होऊ लागला.

त्याचा परिणाम प्रयोगांत स्पष्ट दिसला. छेद झालेली, म्हणजे चाप सज्ज असलेली प्रथिने अधिक असल्यामुळे विषाणू पेशीत लौकर शिरतो. इतकेच नव्हे, तर लागण झालेल्या पेशीच्या पटलावर हीच प्रथिने उगवून ती शेजारच्या पेशीला आपल्यात ओढून घेते आणि अनेक केंद्रके असलेला एक विद्रूप गोळा तयार होतो. जपानी संशोधकांनी केवळ हा एकच बदल असलेला विषाणू तयार करून हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्यांत पाहिला, तेव्हा रोग अधिक तीव्र झाला. पुण्यात बी.१.६१७.१ या उपवंशाची लागण दिलेल्या हॅम्स्टरांच्या फुप्फुसांतही जुन्या वंशापेक्षा जास्त इजा आढळली. त्याचा भाऊ बी.१.६१७.२ यास जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी डेल्टा हे नाव दिले. तोवर भारतात एका दिवसातील नव्या रुग्णांचा आकडा चार लाखांच्या पुढे जाऊन आला होता, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी लोक गावोगाव वणवण फिरले होते. अर्थात त्या अनर्थाचे सारे खापर एका आर्जिनिनवर फोडणे बरोबर होणार नाही. गर्दी, अपुरी लसीकरणाची गती व आरोग्यव्यवस्थेची तोकडी तयारी हीही कारणे होतीच. पण विषाणूच्या बाजूने काय बदलले होते, हे मात्र आपणास अमिनो आम्लाच्या नावानिशी सांगता येते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आलेल्या ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये तर तिसाहून अधिक बदल होते. तो दारातील विकरावर कमी विसंबतो व पिशवीच्या मार्गाने अधिक जातो, म्हणून फुप्फुसांपेक्षा वरच्या श्वासमार्गात त्याची वाढ जास्त होते, असे प्रयोगांवरून दिसते.

चाप सुटण्यापूर्वीचे आणि सुटल्यानंतरचे रूप सर्वस्वी वेगळे असते, याला लशीच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. शरीरास सुटलेला चाप दाखविला, तर ते सुटलेल्या चापावरच बसणारी प्रतिपिंडे बनविते, आणि ती पुष्कळदा निरुपयोगी ठरतात. कारण तोवर विषाणू आत गेलेला असतो. म्हणून काही लशींत स्पाइकच्या योग्य जागी दोन प्रोलिन घालून चाप जणू कुलूपबंद केलेला असतो. ही युक्ती २०१७ साली मर्स या दुसऱ्या कोरोना विषाणूच्या स्पाइकवर सिद्ध झाली होती. महामारी आली तेव्हा ती हाताशी होती. पुण्यात उत्पादन झालेल्या कोविशील्डमध्ये मात्र हा बदल नाही. तीत स्पाइकचा जनुक चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरून दिला जातो. कोव्हॅक्सिन त्याहून निराळी: पुण्याच्या संस्थेने वेगळा केलेला अखंड विषाणूच मारून ती बनविली गेली.

निपा विषाणूत पकडणे आणि चाप ही दोन कामे दोन वेगवेगळी प्रथिने करतात. एक ग्राहकास पकडते व दुसऱ्यास इशारा देते. त्याचा ग्राहक एफ्रिन-बी२ हा २००५ साली सापडला. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि मेंदूच्या पेशींवर असतो, आणि निपाचा रोगी मेंदूज्वराने का दगावतो हे तेवढ्यावरून कळते. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने पुण्याच्या संशोधकांनी मार्च २०२० मध्ये घेतले होते. त्यांत या विषाणूच्या लागणीच्या खुणा मिळाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात त्यावरून काही काळ घबराट पसरली. वटवाघळात खुणा मिळणे आणि माणसात साथ येणे यांत मोठे अंतर आहे. पण वटवाघळाचा एफ्रिन व माणसाचा एफ्रिन जवळजवळ सारखाच असल्यामुळे निपाला, एच५एन१ प्रमाणे, ग्राहकाच्या पायरीवर अडखळावे लागत नाही, हेही तितकेच खरे.

शेवटी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे जाऊ. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात, माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली पुण्यात स्थापिलेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, या रोगाचा नवाच विषाणू शोधून काढला. तो गोचिडांवाटे पसरतो. पुढील अनेक वर्षे हा रोग कर्नाटकाचा म्हणूनच ओळखला गेला. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात उद्भवला, आणि माकडताप हा शब्द कोकणात सर्वतोमुखी झाला. बोंडे गोळा करण्याचा हंगाम आणि गोचिडांच्या पिल्लांचा सुळसुळाट हे दोन्ही एकाच काळात येतात; त्यामुळे काजूच्या बागेत पाचोळा तुडवीत वाकून काम करणारी माणसे यात सापडतात. रोग्यांपैकी शंभरात तीन ते पाच दगावतात.

या विषाणूवर सुळके नाहीत. त्याच्या कुळातील विषाणूंचे आवरण-प्रथिन जोडीजोडीने पृष्ठभागावर आडवे निजलेले असते. १८० प्रती एकमेकींना खेटून, कौलारू छपरावरील कौलांसारख्या. याच कुळातील युरोपी गोचीड-मेंदूज्वराच्या विषाणूच्या प्रथिनाची रचना १९९५ साली उलगडली, तेव्हा हे आडवे रूप प्रथम समजले. कच्च्या विषाणूवर प्रत्येक आवरण-प्रथिनाचे टोक दुसऱ्या एका लहान प्रथिनाने झाकलेले असते, आणि विषाणू पेशीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर ते झाकण फ्युरिनच कापतो. नव्या पेशीच्या पिशवीत आम्लाचा स्पर्श झाला की जोड्या सुटतात, निजलेली प्रथिने तिघांतिघांनी एकत्र येऊन ताठ उभी राहतात, टोके पिशवीच्या पटलात रुततात, आणि दुमडणे व पटले ओढणे हा पुढचा क्रम इन्फ्लुएन्झाप्रमाणेच घडतो. रूप, कूळ व उगम सर्वस्वी भिन्न असूनही दोन विषाणूंनी एकच यंत्ररचना साधावी, हे या विषयातील मला सर्वांत विलक्षण वाटणारे सत्य आहे.

माकडतापाविरुद्ध कर्नाटकात फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची लस १९९० पासून दिली जात असे. तीन-तीन मात्रा घेऊनही संरक्षण अपुरे पडते व लौकर ओसरते असे दिसून आल्यावर तिचा वापर थांबला. फॉर्मालिनने प्रथिने जागच्या जागी गोठतात, पण त्यांचे रूप थोडेफार बिघडतेही. आणि प्रतिपिंडांना हवे असते ते अबाधित, आडवे, जोडीतले रूप. नव्या लशीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने सुरू आहे. ती हाती येईपर्यंत दोडामार्ग आणि बांद्याकडील माणसांनी रानात जाताना हातापायांना गोचीडरोधक तेल चोळावे, अंग झाकणारे कपडे घालावेत, घरी येताच ते गरम पाण्यात टाकून आंघोळ करावी, आणि रानात माकड मेलेले दिसले तर त्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी त्याच जागी पाचोळ्यात उतरलेल्या असतात.